फुकटाची नोंद

'फुकट' हा शब्द ऐकला की आम्ही बँकवाले बिचकतो. एकीकडे जमा झालं, म्हणजे कुणाच्या तरी नावे पडलंच पाहिजे! आमच्या गारगोटीचं विद्यापीठ मौनी. पण शेजारच्या मास्तरांचा वर्ग हल्ली भलताच बोलका झालाय. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाइलला दाखवला, की सरकारच्या 'दीक्षा' ॲपवर धडा हलू-बोलू लागतो. 'कहूट' नावाच्या खेळात प्रश्न आला, की चार रंगांतलं एक उत्तर निवडायला मागचा बाकसुद्धा उठून उभा! सगळं फुकट. फक्त मोबाइल मास्तरांचा, रिचार्ज मास्तरांचा आणि रात्री बारापर्यंत प्रश्न रचणारे डोळेही मास्तरांचेच. ही रक्कम कुठल्या खात्यात टाकायची, सांगा!

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजीही असेच पुस्तकांना कोड जोडत बसले. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला, तर त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. पाच लाख भागिले नऊ! आमच्या हेड ऑफिसनं 'बाकी उरते' म्हणून व्हाउचरच परत पाठवलं असतं. मास्तर लोक बाकी बघत नाहीत, म्हणून तर वर्ग चालतात.