मुके यंत्र, बोलकी रांग

दुकानात पैसे चुकते करताना भ्रमणध्वनी यंत्राजवळ नुसता धरावा, ही सोय आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही आता अंगवळणी पडली आहे. यंत्र मुके राहिले, की मात्र मागची रांग बोलू लागते. गेल्या पावसाळ्यात औषधांच्या दुकानात आमच्या आईच्या कानी असेच शब्द आले: "मावशी, खात्यातले पैसे संपले असतील!" ती औषधे न घेताच घरी परतली. खात्यात पैसे होते. अडथळा होता तो फोनच्या पाठीवरील लोखंडी चकतीचा. गाडीतील चुंबकी स्टँडसाठी नातवाने ती चिकटवली होती.

एनएफसीच्या लहरी जेमतेम ४ सेंटिमीटर पोहोचतात आणि धातू त्यांना अडवतो. आयफोनमध्ये त्यांचा अँटेना वरच्या कडेशी, तर इतर बहुतेक फोनांत पाठीकडे असतो. म्हणून फोन यंत्रावर आपटू नये. क्षणभर स्थिर धरावा, न जमल्यास किंचित सरकवावा. पडद्याचे कुलूप उघडलेले आणि सेटिंगमध्ये एनएफसी चालू असावे. नुसते कार्ड टेकवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डावर ही सोय बंदच येते. ती आपण सुरू करून घ्यायची असते. पैसे गेले की नाही याचा संशय आल्यास बँकेचा संदेश पाहिल्याखेरीज दुसऱ्यांदा टेकवू नये.

चकती निघाली. आई मात्र औषधाच्या चिठ्ठीत पाचशेची एक नोट घडी करून ठेवते, आणि तिला आम्ही काही म्हणत नाही.