अब्बांची कूस

अब्बांना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही तिघी बहिणी तीन ठिकाणी होतो. थोरली रत्नागिरीजवळ अम्मी-अब्बांच्या शेजारी, मधली मुंब्र्याला, धाकटी कुवेतला इस्पितळात परिचारिका. भाऊ नाही. अब्बांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आयुष्यभर जहाजावर नोकरी केलेला धिप्पाड माणूस पलंगाला खिळला. सत्तरीच्या अम्मीला ते कसे उचलणार?

पहिला प्रश्न आला तो सतरचा. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. पुरुषाचं बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं अंग झाकलेलं राहायला हवं, मग लेकींनी बापाला धुवायचं कसं? मौलानांनी सांगितलं, मजबुरी असेल तिथं सवलत आहे, पण पुरुष मिळत असेल तर पुरुषच ठेवा. ब्युरोने एक मुलगा पाठवला. घाटावरचा, पंचविशीतला, हिंदू. त्याचं नाव इथं लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी त्याने अब्बांच्या अंगावर लुंगी पसरली आणि हातमोजे घालून लुंगीखालून सगळं धुतलं. कपडा बाजूला सरकू दिला नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहायचा: 6 डावी, 8 पाठ, 10 उजवी. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. अब्बा डोळ्यांच्या इशाऱ्याने नमाज पढतात हे लक्षात आल्यावर त्याने अम्मीला विचारलं, ‘‘काबा कुठल्या बाजूला?’’ आणि पलंग फिरवून घेतला. आमच्यापैकी एकीलाही ते सुचलं नव्हतं.

असे चार महिने गेले. मग एकदा त्याचा फोन चार्जिंगला लावलेला असताना आमच्या नात्यातल्या एका पोराने तो उघडून पाहिला. दुसऱ्या एका तरुणाबरोबरचे फोटो होते, निरोप होते. दुपारपर्यंत चिपळूण, मुंब्रा, सगळीकडून फोन. ‘‘असला मुलगा तुमच्या अब्बांच्या अंगाला हात लावतो?’’ आम्ही त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही. ‘‘हो ताई. पण बाबांच्या कामात कधी कमी पडलो का?’’ आम्ही महिन्याचा पगार हातावर ठेवला. संध्याकाळच्या एसटीने तो गेला.

आमचा अकीदा काय आहे ते आम्ही लपवत नाही. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणं हराम आहे असं शिकलो आणि आजही तसंच मानतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबत निकाल दिला, दोन प्रौढांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा उरला नाही. आमची शिकवण त्याने बदलली नाही. पण सूरह हुजुरातची 12 वी आयतही आम्हीच पढतो ना! वाईट शंका, दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुडकणं आणि गीबत, तिन्हींची मनाई त्या एकाच आयतीत आहे. त्या दिवशी आमच्या घरात तिन्ही झालं. ज्याने चार महिने अब्बांची सतर झाकली, त्याचं झाकलेलं आम्ही चिपळूणपर्यंत उघडं केलं.

धाकटी कुवेतहून फोनवर खूप चिडली. ‘‘हातात दिवा घेऊन शपथ घेतली होती मी. पेशंट कोण, कसा, हे विचारून मी सलाईन लावत नाही. आणि माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्याचा फोनही उघडत नाही. मला विचारून तरी काढायचं होतं.’’ मधली मात्र आजही म्हणते, काढलं ते बरोबरच, पद्धत चुकली. यावरून आमच्यात अजून वाद होतो, ईदलासुद्धा झाला.

नंतर आलेला माणूस बालबच्चेवाला, ओळखीच्या हाजींनी शिफारस केलेला. रात्री घोरत झोपायचा. अब्बा त्याच्या हातचा चमचा तोंडात घेईनात, दाराकडे बघत राहायचे. एकोणिसाव्या दिवशी माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. चार दिवसांत कातडी फाटली. कॅलेंडर तिथंच टांगलेलं होतं, मागची बाजू कोरी.

शेवटी थोरलीने त्या मुलाला फोन लावला. तो सांगलीकडे दुसऱ्या घरी कामाला लागला होता. माफी कशी मागायची ते आम्ही ठरवून ठेवलं होतं, ‘‘बेटा, आमचं चुकलं’’ असं म्हणायचं होतं. त्याने तिथवर येऊच दिलं नाही.

‘‘जखम केवढी आहे? रुपयाएवढी की मोठी? वास येतोय का?’’

थोरली सांगत होती, मागून अम्मी रडत होती.

‘‘आत्ता बाबा कुठल्या कुशीवर आहेत?’’

आम्ही पाहिलं. अब्बा पाठीवर होते. सकाळपासून पाठीवरच होते.

‘‘मग आधी त्यांना वळवा ताई. फोन ठेवा, मी मागाहून करतो.’’