कण्या, वाळवी आणि खेकड्यांच्या नांग्या

पौडपासून वर ताम्हिणीकडे जाणाऱ्या गावांत आम्ही वाढलो, तेव्हा घरोघरी पडवीत खुराडं असायचंच. कोंबड्यांना विकतचं खाद्य घालावं, हे कुणाच्या मनातही येत नसे. भात सडला की कण्या आणि कोंडा त्यांचा; बाकी दिवसभर उकिरडा नि बांध.

पण नुसत्या कण्यांवर कोंबडी जगते, अंड्यावर येत नाही, हे आमच्या आयांना पक्कं ठाऊक होतं. तांदळात प्रथिनं 7-8 टक्के, अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात ती हवीत 16 ते 18. हे आकडे आम्ही फार पुढे वाचले. आई मात्र तलंग अंड्यावर यायला लागली की आम्हाला वाळवीसाठी पिटाळायची. जुन्या मडक्यात शेण आणि ओला पेंढा कोंबून ते वारुळाशेजारी पालथं घालायचं. सकाळी अंगणात झटकलं की पांढऱ्या वाळवीवर कोंबड्यांची झुंबड उडायची.

आषाढ-श्रावण कठीण. मुळशी धरणाखाली चांगली खाचरं 1920 च्या दशकातच गेलेली, उरलेल्या तुकड्यांचं भात पावसाळ्यापर्यंत कणगीच्या तळाला लागायचं. कण्या आखडत्या हाताने पडत, कोंबड्या पावसाने पडवीत अडकत. अंडी कमी होत, आणि एखादं तर बोटाने दबेल असं मऊ निघे. मग आजी जेवणातल्या खेकड्यांच्या नांग्या आणि पाठी चुलीत भाजून पाट्यावर रगडायची नि कण्यांत कालवायची. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्याची टरफलंही ती द्यायची, पण भाजून, पार भुगा करून. ओळखू आली तर कोंबडी स्वतःचंच अंडं फोडायला शिकते.

मार्गशीर्षात मळणी झाली की खळ्यावर सांडलेलं भात, खाचरातले किडे, वालाचा कोवळा पाला. तेव्हाच्या अंड्याचा बलक गर्द केशरी असायचा. तशी चव पुन्हा मिळाली नाही, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

गावठी कोंबडी वर्षाला 50-60 अंडी द्यायची, मग खुडूक. मका आणि सोयापेंडीच्या तोललेल्या खाद्यावर पिंजऱ्यातली कोंबडी 300 च्या आसपास जाते. पण त्या पन्नास अंड्यांतली पहिली बाळंतिणीची, रवणाची वेगळी. उरलेली पौडच्या बाजारात. तो पैसा आईचा. त्यातून मीठ-तेल आणि आमच्या वह्या येत, आणि वडील कधी त्याचा हिशोब विचारत नसत.