शय्येची निवड

चारठाण्याची बारव व नक्षीदार स्तंभ पाहून आम्ही तेथेच एका स्नेह्यांकडे मुक्काम केला. पौषाची थंडी होती. दुसऱ्या दिवशी आमचा नातू मित्रांसह पूर्णेवरील येलदरी जलाशयात कयाक नावाची चिंचोळी होडी वल्हवीत जाऊन रात्री काठीच निजणार होता. प्रश्न अंथरुणाचा पडला.

त्याजपाशी दोन स्लीपिंग बॅगा होत्या; एक पिसांची, दुसरी पॉलिएस्टरच्या तंतूंची. (शय्या शब्द 'शी' धातूपासून आला, माणसाने पिशवीत निजावे हे वैयाकरणांस सुचले नसावे!) पिसांची हलकी व लहान घडीची, परंतु भिजताच पिसांचे गोळे होऊन ऊब जाते. तंतूंची जड खरी, पण ओली झाली तरी थोडीबहुत ऊब राखते व लवकर वाळते. होडीत पाणी केव्हा येईल याचा नेम नाही. शिवाय काठावर पहाटे दव पडते. पिशवीवर तपमानाचे दोन अंक असतात: एक सुखनिद्रेचा, दुसरा रात्र कशीबशी निभण्याचा. पाहावा तो पहिला. अंगाखाली दबलेले भरण ऊब देत नाही, म्हणून खाली जाड चटई हवीच.

आम्ही मात्र कैलासवासी पत्नीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी पुढे केली. सुती कापड भिजले की लवकर वाळत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. तरी आग्रह सुटेना. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, ही बुडाली तर आजी पुन्हा कुठून शिवणार?"

तंतूंची पिशवी जलरोधक थैलीत घालून तो गेला. गोधडी त्या रात्री चारठाण्यात आम्हीच पांघरली.