नळाच्या उगमाकडे

पत्र पहिलं
बदलापूर, फाल्गुन

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

डोंबिवलीहून बदलापूरला लोकलने अर्धा तास. एवढ्या अंतरावरून घरी पत्र लिहायचं म्हणजे हसूच येईल. पण आपल्या एमआयडीसी निवासी विभागातल्या नळाला येणारं पाणी ज्या वाटेने येतं, ती वाट उलटी चालत जायची तर पहिला मुक्काम बदलापूरलाच पडतो. आणि निसर्गाशी नातं पुन्हा जोडायला हवं, असं आजकाल जो तो म्हणतो, त्याचा हिशेब मांडायला याहून बरी जागा नाही.

इथे स्टेशनाबाहेर पडलं की गृहसंकुलांच्या जाहिराती सुरू होतात. डोंगर, धुकं, धबधबा आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द बहुतेक फलकांवर ठरलेले. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001च्या जनगणनेत सुमारे 98 हजार होती, 2011मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसं इथवर आली, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. अडचण जाहिरातीतल्या कल्पनेत आहे. तिच्या लेखी निसर्ग म्हणजे खिडकीतून दिसणारं काहीतरी. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा जेएनपीटीकडचा फाटाही याच भागातून, माथेरानच्या डोंगराच्या पोटातून बोगद्याने जातो. डोंगर वरून हिरवा दिसला की आतून काय झालं ते कोण विचारतो!

ज्याला आपण ‘तुटलेलं नातं’ म्हणतो, ते मुळात तुटलेलंच नाही, असं मला वाटतं. ते शहरांच्या नावांतही आहे: फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला 1949मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं, ते उल्हास नदीवरून. बारवी ही त्या उल्हासची उपनदी. मुरबाडच्या डोंगरांतलं पाणी तिच्यातून येतं, बदलापूरजवळ जांभूळ या गावी उचललं जातं, शुद्ध होतं आणि अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि लाखो घरांत पोचतं. सकाळी नळ सोडणारा प्रत्येक माणूस त्या डोंगरउताराशी जोडलेला आहे. त्याला ठाऊक नसलं तरी. विसरला गेलाय तो व्यवहार. आपण घेतो काय आणि त्या बदल्यात देतो काय, याची वही कुणी ठेवलेलीच नाही.

पत्र दुसरं
बारवी धरण

ती. बाबांस, सा. न.

तुम्ही पहिल्यांदा विचाराल ते धरणाचं, म्हणून ते आधी. धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं आहे आणि 1972च्या सुमारास उभं राहिलं. उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. शेवटच्या टप्प्यात सुमारे 4 मीटर उंची आणि आपोआप उघडणारे दरवाजे आले, आणि साठवण सुमारे 234 दशलक्ष घनमीटरवरून सुमारे 340 दशलक्षांवर गेली. 2019च्या पावसाळ्यात नव्या पातळीपर्यंत पाणी चढलं. त्यासाठी तोंडली, काचकोली, मोहघर अशा गावांना जागा सोडावी लागली. मोहघर हे नाव नुसतं ऐकलं तरी मोहाचं झाड डोळ्यांपुढे येतं. पुनर्वसन, घरं, नोकऱ्या यांवर वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. शेत आणि घर यांची निदान मोजणी झाली, भरपाई किती यावर भांडता तरी आलं. पाण्याखाली गेलेल्या जंगलाच्या वतीने भांडायला कोण होतं?

धरण नको होतं असं मी म्हणत नाही. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, असा हा प्रदेश. पाणी अडवल्यावाचून इतकी शहरं जगणार नाहीत. माझा मुद्दा भिंतीच्या वरच्या अंगाचा आहे. धरण म्हणजे निम्मं यंत्र. उरलेलं निम्मं यंत्र म्हणजे पाणलोटाचा उतार, त्यावरची माती आणि तिला धरून ठेवणारी झाडं. भिंतीला इंजिनिअर, वॉचमन, दुरुस्तीचं बजेट आहे. उताराच्या वाट्याला यातलं किती येतं?

त्या उतारावर आता काय आहे ते जवळून बघितलं पाहिजे. लांबून सगळं सारखंच तपकिरी दिसतं, मध्येच पळसाचा केशरी आणि काटेसावरीचा लाल. जवळ गेलं की पहिला दिसतो तो साग, पानं गाळून उभा. सुपाएवढ्या वाळक्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. मग ऐन दिसतो. सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल, बुंधा सरळ, पण वरच्या फांद्या वर्षानुवर्षं खांडलेल्या, त्यामुळे शेंडा मुठीसारखा आखडलेला. कुडा, धावडा, करवंदीच्या जाळ्या. आणि पुष्कळ ठिकाणी बुंध्याच्या तळाशी हातभर उंचीचा काळा पट्टा, खाली राख.

हा काळा पट्टा म्हणजे या जंगलाचा अलीकडचा इतिहास. वणवा दरवर्षी लागला तरी साग आणि पळस मरत नाहीत. वरचा कोंब जळतो, मुळातून नवा फुटतो. जांभूळ, आंबा यांच्या कोवळ्या रोपांना हे जमत नाही. दहा-वीस वर्षं आग येत राहिली की रानाची जातकुळीच बदलते. आग सोसणारी मोजकी झाडं उरतात आणि मोकळ्या जागेत घाणेरी नि रानमोडी घुसते. तरीही जंगल हिरवं दिसतंच. पावसाळ्यात तर दृष्ट लागावी इतकं. पण त्याच हिरव्याखाली एक घातक गोष्ट घडते. सागाच्या रुंद पानावर पावसाचे बारीक थेंब जमून मोठे होतात आणि उंचावरून खाली पडतात. खाली पाचोळा आणि झुडपं असतील तर काही बिघडत नाही. पाचोळा मार्चमध्येच जळून गेला असेल तर तोच थेंब उघड्या मातीवर हातोडीसारखा बसतो. ती माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि शेवटी धरणाच्या तळाशी. गाळ झालेल्या मातीने साठवणीची जागा व्यापली की भिंत कितीही उंच करा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: झाडं लावू. एका वनजमिनीच्या बदल्यात दुसरीकडे लागवड करायची हे तत्त्व 1980च्या वनसंवर्धन कायद्यापासून चालत आलं आहे. महाराष्ट्राने 2019मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. लागवडीला माझा विरोध नाही, पण लावलेलं झाड आणि उगवलेलं जंगल हे एकच आहे असं धरून चालण्याला आहे. वनांचा राष्ट्रीय अहवालही एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची दाटी 10 टक्के भरली की तिला वनाच्छादन म्हणतो, मग ती फळबाग असो वा निलगिरीची रांग. अशा मोजपट्टीने बारवीचं रान उद्याही कायमच भरेल. त्यात पाचोळा आहे का, खालच्या थरात रोपं आहेत का, हे तिच्यात बसतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आग लावतात ती गावातलीच माणसं, मग शहराला का जबाबदार धरायचं? ससा-डुकराच्या शिकारीसाठी, गवत चांगलं येतं या समजुतीने, कधी निव्वळ बिडीच्या थोटकामुळे आग लागते, हे खरं आहे. पण या भागातला आगीचा इतिहास इतका सरळ नाही. भाताच्या रोपवाटिकेवर ऐनाच्या फांद्या, शेण, पाला, गवत यांचे थर देऊन ते पावसाआधी जाळायचे, याला राब म्हणतात. इंग्रजी अमदानीत जंगलं राखीव झाली आणि राबासाठी ऐन तोडण्यावर निर्बंध आले, तेव्हा ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887चा. तो मुठीसारखा आखडलेला ऐन या जुन्या वादाचा साक्षीदार आहे. राबासाठी खांडणारा ऐन मारत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच्याच फांद्या लागणार असतात. जंगल दुसऱ्याचं झाल्यावर जाळायला मात्र कुणाला वाईट वाटत नाही. वणव्याचं मूळ मला तरी इथे दिसतं. गुन्हेगार शोधून ते सुटणार नाही.

पत्र तिसरं
मुरबाड

ती. बाबांस, सा. न.

तुमच्या बाजूने आणखी एक हरकत मीच घेते. बारवीचं रान म्हणजे काही केरळातल्या सायलेंट व्हॅलीसारखं अस्पर्श अरण्य नाही. खांडलेलं, जळलेलं, गावांनी वेढलेलं रान, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? त्याचं उत्तर एका बिबट्याने देऊन ठेवलं आहे. 2009मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत सापडलेल्या एका प्रौढ नराला वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनविभागाने रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात, म्हणजे याच मुरबाड तालुक्याच्या टोकाला, सोडलं. महिनाभराच्या आत 120 किलोमीटरहून जास्त चालून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. ‘आजोबा’ या नावाने तुम्हाला तो सिनेमातून माहीत आहे. त्याच्या वाटेवर अस्पर्श अरण्य फारसं नव्हतंच. होती ती असलीच रानं, ओढे, गवताचे माळ, रेल्वे आणि वस्त्या. भीमाशंकर अभयारण्य 1985चं, राष्ट्रीय उद्यान त्याहून जुनं. पण अशी ठिकाणं टिकतात ती मधल्या साध्या रानांच्या जिवावर.

दर शनिवार-रविवारी गाड्या भरून येणाऱ्या पर्यटकांमुळे निसर्गाची ओढ वाढते, असं म्हणणारेही आहेत. थोडी वाढतही असेल. पण पावसाळ्यात धरणं-धबधब्यांवर प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात, यावरून त्या ओढीचं स्वरूप कळतं. ओढ असावी, पण तिच्यावर पाणलोट सोपवता येत नाही.

मग करायचं काय? शहराच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘वृक्ष उपकर’ असा रकाना असतो. शहरांतल्या झाडांसाठीच्या 1975च्या कायद्यातून तो आला. म्हणजे झाडांसाठी पैसे मोजायची सवय शहराला आहे, फक्त ते शहराच्या हद्दीतच अडकतात. बारवीचं पाणी पिणाऱ्या शहरांनी आणि कारखान्यांनी पाण्यामागे काही पैसे बाजूला काढावेत, आणि 2006च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना ते जाळरेषा काढण्यासाठी, आगीवर राखण ठेवण्यासाठी आणि उगवून आलेली रोपं जपण्यासाठी मिळावेत. हिमाचलातल्या पालमपूर नगरपरिषदेने 2010मध्ये बोहल झऱ्याचं रान राखणाऱ्या गावसमितीशी असाच करार केला. रक्कम वर्षाला अवघी 10 हजार रुपये. न्यूयॉर्क शहराने 1997मध्ये मोठ्या प्रमाणावर हेच केलं: अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प उभारण्याऐवजी कॅट्सकिल डोंगरातल्या गावांत पैसा घातला.

नवा भार लोक सोसणार नाहीत, ही हरकत खरी आहे. उल्हासनगरच्या वस्त्यांत पाण्यासाठी आधीच रांगा आहेत, आणि तिथून एक पैसाही जास्त मागू नये. मागावा तो मोठ्या वापराच्या कारखान्यांकडून आणि पोहण्याचे तलाव असलेल्या संकुलांकडून. शहराने खेड्यासाठी कर देणं महाराष्ट्राला नवं नाही. 1975मध्ये आलेला व्यवसाय कर रोजगार हमीसाठीच होता. पगारातून तुम्ही तो निवृत्त होईपर्यंत भरलात. जंगलाने पाणी ‘वाढतं’ असं मात्र मी म्हणणार नाही, झाडं स्वतःही पाणी पितात. जंगल माती धरतं आणि पावसाळ्यानंतर ओढे थोडे जास्त दिवस वाहते ठेवतं. बारवीसाठी तेवढं पुरे आहे.

पाण्याचं बिल कपाटाच्या वरच्या खणात आहे. काढून बघा, त्यात जंगलाच्या नावाने एकही रकाना नाही.