बोलता येत नसलं तरी चालणारा शब्द!

अहो, तुम्हाला हे माहीत होतं? मला नव्हतं! मी डॉक्टर नाही, वकील तर नाहीच नाही, पण लिव्हिंग विलबद्दल वाचलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटलेय! आपण धडधाकट असतानाच लिहून ठेवायचं, की उद्या बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलताही येत नसलं, तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, नळीने अन्न द्यायचं की नाही. कायद्याने चालतं हो हे!

आणि याची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात! 1973 साली तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि मग त्या वर्षानुवर्षं तिथेच अंथरुणाला खिळून राहिल्या, आणि मग लेखिका पिंकी विराणी त्यांचं अन्न थांबवू द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि मग केईएमचे कर्मचारी म्हणाले, नाही, आम्ही सांभाळतो त्यांना! 2011 साली न्यायालयाने केईएमचंच ऐकलं. पण त्याच निकालाने, आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्याची वाटही उघडली! दोन्हीकडे मायाच होती. फक्त अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, ते विचारायची सोयच नव्हती. मला वाचता वाचता गलबलून आलं.

मग 2018 साली घटनापीठाने लिव्हिंग विल मान्य केलं, पण सही मॅजिस्ट्रेटसमोर! कोण जाणार? 2023 मध्ये तीही अट गेली! आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस्स! आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात लिहायची, एकाहून जास्त चालतात! मन बदललं तर लेखी रद्द करायचं! आणि इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आजही गुन्हाच, ही गल्लत करू नका. उपचार थांबवण्याचा निर्णय एकट्या डॉक्टरचाही नाही: आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मंडळ, मग दुसरं मंडळ, आणि प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं! आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्यांना विचारा 48 तास म्हणजे काय ते! लिव्हिंग विलची प्रत जपायला पालिकेचा किंवा पंचायतीचा अधिकारी हवा, आणि तो नेमला जावा म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार थेट उच्च न्यायालयात गेले!

तर आजच ठरवा, तुमच्या वतीने कोण बोलणार. आणि नोटरीकडे जाण्याआधी त्या माणसाला समोर बसवून सगळं सांगा!