उद्या सादर करावे

माझा राग सुमारे अर्धा तास टिकतो. तो आला की सारे घर व्यापून टाकतो, आणि गेला की मागे काही ठेवीत नाही. निदान माझ्यापुरते तरी नाही. आमच्या घराण्यात ही गोष्ट नवी नव्हे. आजोबांना गाव जमदग्नी म्हणे. वडिलांनी एकदा आमटी अळणी झाली म्हणून भरले ताट सारून दिले होते, आणि तासाभराने तेच आईसाठी गजरा घेऊन आले होते. आईने तो देवाला वाहिला. माळला मात्र नाही. माझ्या प्रत्येक उद्रेकानंतर मला मनाचे श्लोक म्हणायला बसवीत. परिणाम एवढाच झाला की समर्थांचे २०५ श्लोक मला मुखोद्गत झाले. मन आपले होते तिथेच राहिले.

पुढे सरकारी नोकरीत हा स्वभाव मी गावोगाव बरोबर नेला. बदलीच्या सामानात कपबशा फुटतात, पुस्तकांची एखादी पेटी गहाळ होते. स्वभाव तेवढा सुखरूप पोचतो. काही वर्षांपूर्वी रांचीला आलो तेव्हा तो माझ्याआधीच येऊन बसला असावा. रुजू होऊन तीन महिने झाले नाहीत तोच एका फाइलीतले एक सहपत्र सापडेना, आणि मी आमच्या बडे बाबूंना साऱ्या शाखेसमोर नको ते बोललो. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, कपाळावर चष्मा चढवून बोलणारा तो सभ्य गृहस्थ! ते सहपत्र माझ्याच खणात निघाले. मी हसलो, सर्वांसाठी चहा मागवला, आणि माझ्या लेखी ते प्रकरण तिथे नस्ती झाले.

ते तसे नस्ती झाले नव्हते, हे कळायला मला कांकेला जावे लागले.

कांके हे नाव झारखंडात आणि बिहारात नोकरी केलेल्यांना सांगायला नको. शहराच्या उत्तरेला असलेल्या या भागात दोन मोठी मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी एक १९१८ साली युरोपीय रुग्णांसाठी निघाले. आपल्याकडे जसे ठाण्याचे किंवा येरवड्याचे नाव काढतात, तसे इकडे कोणी वेडेवाकडे वागला की त्याला कांकेला धाडण्याची भाषा होते. त्यामुळे मुलीला तिकडे दाखवा असे तिच्या शिक्षिकेने सुचवले तेव्हा मी आधी शिक्षिकेवरच संतापलो. मुलगी नऊ वर्षांची. वर्गात दंगा मुळीच करीत नाही. खिडकीबाहेर पाहत बसते, डबा विसरते, आणि पेन्सिलीचे टोक मोडले तरी जग बुडाल्यासारखी रडते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुलीशी बराच वेळ गप्पा मारल्या, आम्हांला शेकडो प्रश्न विचारले, आणि शेवटी सहज म्हणाल्या, "घरात आणखी कोणी असं आहे का?" माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. ती टेबलावरचा पेपरवेट न्याहाळू लागली.

अशा रीतीने मुलीच्या केसपेपरामागोमाग माझाही केसपेपर निघाला. प्रौढपणी हे निदान करायचे तर लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. म्हणून आईला फोन लावून माझ्या बालपणाची चौकशी झाली. ती म्हणाली, "पाटी आणि दप्तर दोन्ही एका दिवशी घरी आलेलं मला आठवत नाही." सेहेचाळिसाव्या वर्षी मला सांगण्यात आले की मला एडीएचडी आहे, म्हणजे अवधान उणे, चांचल्य अधिक. हा विकार बव्हंशी रक्तातून उतरतो. जमदग्नी, अळणी आमटी आणि मोडकी पेन्सिल एका ओळीत येऊन उभी राहिली.

पण अवधानाचा आणि रागाचा संबंध काय? मी वाद घातला. डॉक्टरांनी सांगितले त्याचा आशय असा: भावना सर्वांनाच येतात. मात्र मेंदूच्या पुढच्या भागाचे एक काम असते. आलेल्या ऊर्मीला दारात थांबवायचे, तिची विचारपूस करायची, मग आत सोडायचे. ज्या यंत्रणेने लक्ष एका जागी ठरते, तिचाच हा पहारा. माझ्याकडचा पहारेकरी कामचुकार नाही. तो उशिरा जागा होतो. राग, आनंद, अपमान, सगळेच एकदम आणि पूर्ण मापाने आत येते. हे मात्र मला पटले. मित्राच्या बढतीची बातमी ऐकून माझे डोळे भरतात, आणि त्या भरात मी चार माणसांना न पाळता येणारी वचने देऊन बसतो. पत्नीने "दूध राहिलं का आणायचं?" एवढेच विचारले, तरी माझ्या कानांना ते दोषारोपपत्र वाटते.

गंमत अशी की ही गोष्ट जुनीच आहे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही ऊर्मी आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते, आणि त्याला नैतिक संयमाचा दोष असे त्या काळाला शोभणारे नाव दिले होते. पुढे १९८० साली अमेरिकन वर्गीकरणात नावात अवधान आले, आणि भावना मागे पडल्या. आजही निदानाच्या मुख्य यादीत चिडचिडीला स्थान नाही. सोबत आढळणारी गोष्ट म्हणून तिची नोंद आहे. मला विचाराल तर हरवलेल्या किल्ल्यांनी माझे कधी फारसे बिघडले नाही. बिघडले ते हरवलेल्या जिभेने.

औषध सुरू झाले. ते प्रत्येक दुकानात मिळत नाही आणि चिठ्ठीवाचून मुळीच मिळत नाही. त्याने कामात पुष्कळ फरक पडला. पण लक्षाला जेवढा गुण येतो तेवढा भावनांना येईलच असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. उरलेले काम माझे मला करायचे होते: वेळेवर झोपणे, उपाशीपोटी वाद न घालणे, आणि राग येतो आहे हे शरीरावरून ओळखणे. माझे कान आधी तापतात. इतकी वर्षे ते तापत होते आणि मला पत्ता नव्हता!

मला खरा उपयोग झाला तो ज्या गोष्टीची आपण सारे थट्टा करतो तिचा, सरकारी दिरंगाईचा. आवक, नोंद, टिप्पणी, मसुदा, शुद्ध प्रत, जावक. ज्याच्या डोक्यात थांबण्याची सोय नाही त्याच्यासाठी ही व्यवस्था म्हणजे बाहेरून बसवलेला पहाराच. आता कान तापले की मी मनात येईल ते सारे पेन्सिलीने लिहितो, कागद खणात टाकतो आणि वर शेरा मारतो: उद्या सादर करावे. दुसऱ्या दिवशी दहांतले नऊ कागद फाडावे लागतात. दहावा मात्र पाठवतो. कधीकधी राग बरोबरही असतो.

बडे बाबू निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागायचे वाक्य रिक्षात घोकले होते. ते मी म्हटले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "सर, वह चौदह जून था." ती तारीख मला ठाऊक नव्हती. ते त्यांनी क्षमेचे म्हटले की नोंदीचे, हे मी विचारले नाही. मग त्यांनी अंगणातले पेरू पिशवीत भरून दिले. विकार होता हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांच्यासमोर ती सबब वाटली असती.

गेल्या रविवारी मुलगी गणिते करीत बसली होती. तिसऱ्यांदा हातचा विसरला तेव्हा तिने पानच फाडले. माझा आवाज चढला. कान तापलेले होतेच. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला हातात घेऊन उभा राहिलो. पत्नीने काही न बोलता घड्याळाकडे पाहिले. काही मिनिटांनी बाहेर आलो तो मुलीने ते पान चिकटपट्टीने वेडेवाकडे जोडले होते.

"बाबा, झालं तुमचं?"

"अजून थोडं बाकी आहे."

"माझंपण," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली.